हृद्रोग आणि वेळेचें मोल

इ. स. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दर रविवारीं एक अपूर्व सभा भरत असे. विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी तें बोलणें तेथल्या तेथें उतरून घेत. २१ फेब्रुवारीस आरंभ झालेलीं हीं अठरा प्रवचनें १९ जूनला पूर्ण झालीं आणि पुढें ग्रंथरूपानें घरोघर गेलीं. वक्ता त्या वेळीं छत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर बरोबर अर्धशतक लोटलें. ५ नोव्हेंबर १९८२ रोजीं वर्ध्याजवळ पवनारच्या आश्रमांत, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वैद्य धांवले, उपचार सुरू झाले. परंतु तीन दिवसांनीं विनोबांनीं अन्न, पाणी आणि औषध या तिहींचाही त्याग केला, आणि १५ नोव्हेंबरच्या सकाळीं देह ठेविला.

या दोन प्रसंगांच्या मधोमध तिसरा एक प्रसंग आहे, तो पुण्याचा. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं गांधीजींबरोबर त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना अटक होऊन आगाखान महालांत ठेवण्यांत आलें. १५ ऑगस्टच्या सकाळीं महादेवभाई एकाएकीं कोसळले आणि पाहतां पाहतां गेले. वय अवघें पन्नास. डॉ. सुशीला नय्यर त्याच महालांत होत्या, म्हणजे वैद्यकीय मदत दाराशीं नव्हे, घरांतच होती; तथापि तिचा उपयोग झाला नाहीं. याचें कारण वैद्याची उणीव हें नव्हतें. त्या वेळच्या वैद्यकशास्त्राच्या हातींच फारसें कांहीं नव्हतें.

१९४२ सालीं करण्यासारखें जवळजवळ कांहींच नव्हतें. १९८२ सालीं कांहीं करतां येत होतें, पण एका वृद्ध ऋषितुल्य पुरुषानें तें स्वेच्छेनें नाकारलें. आज खानदेशांतील शेतकऱ्याला, कारकुनाला किंवा व्यापाऱ्याला हाच झटका आला, तर पुष्कळ कांहीं करतां येतें. अट एकच, तो वेळेवर पोंचला पाहिजे. हृद्रोगाच्या उपचाराचा इतिहास म्हणजे या ‘वेळेवर’ शब्दाचा अर्थ माणसाला कसा उमगत गेला, याचा इतिहास होय.

हृदयाच्या दुखण्याची ओळख आपल्याकडे प्राचीन आहे. चरकानें हृद्रोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. परंतु छातींत उठणारी कळ आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या यांचा संबंध जुन्या काळीं कोठेंच कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनीं १७६८ सालीं तेथील वैद्यसभेपुढें एक निबंध वाचला. तो १७७२ सालीं छापला गेला. चालतांना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातींत गुदमरल्यासारखी वेदना उठते आणि थांबतांच ती शमते, हें लक्षण त्यांनीं इतक्या नेमकेपणानें वर्णिलें कीं आजही त्यांत फारशी भर घालावी लागत नाहीं. मात्र ही वेदना कोठून येते, तें त्यांना ठाऊक नव्हतें. देवीची लस शोधून काढणारे एडवर्ड जेन्नर आणि त्यांचे स्नेही कॅलेब पॅरी यांनीं या रोगाचें मूळ हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शोधलें. जेन्नर यांचे गुरु, प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर, हे याच व्याधीनें पीडलेले होते. १७९३ सालीं लंडनच्या एका रुग्णालयाच्या सभेंत वादावादी चालू असतां ते उठून बाहेर गेले आणि लागलेच मरण पावले.

तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें वैद्यांची अशी समजूत राहिली कीं, हृदयाची धमनी अचानक बंद पडली म्हणजे मृत्यू तात्काळ आणि अटळ. ही समजूत मोडण्याचें श्रेय शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांना जातें. त्यांनीं १९१२ सालीं दाखवून दिलें कीं, धमनी बंद पडूनही रोगी कांहीं तास, कांहीं दिवस, कधीं वर्षेंही जगूं शकतो; म्हणून हा रोग जिवंत माणसांतच ओळखतां आला पाहिजे. दोन वर्षें आधीं कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव व स्त्राझेस्को या वैद्यद्वयानें हीच गोष्ट सांगितली होती. आरंभीं या शोधाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. पुढें हॉलंडचे आइन्थोव्हेन यांचें हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढणारें यंत्र वैद्यांच्या हातीं आलें, तेव्हां हेरिक यांच्या म्हणण्याला डोळ्यांनीं दिसणारा पुरावा मिळाला. आज ज्याला आपण घरगुती भाषेंत ‘कार्डिओग्राम काढणें’ म्हणतों, तें हेंच. आइन्थोव्हेन यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें या रोगाची घडण थोडक्यांत पाहिली पाहिजे. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवितें. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतें तें त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक धमन्यांतून. या धमन्यांच्या अस्तरांत वर्षानुवर्षें चरबीयुक्त थर सांचत जातो. हा थर नळाच्या आंत बसणाऱ्या क्षारासारखा निर्जीव नसतो. त्यांत दाह चालूं असतो आणि वर एक पातळ पापुद्रा असतो. एखादे दिवशीं हा पापुद्रा फाटतो. शरीर त्याला जखम समजतें आणि जखमेवर जें करावयाचें तेंच करतें, म्हणजे रक्ताची गुठळी बांधतें. जी गुठळी बोटावरील जखमेंत जीव वांचविते, तीच हृदयाच्या धमनींत जीव घेते. धमनी पुरती बंद झाली तर स्नायू मरूं लागतो. अर्धवट बंद झाली तर धोक्याची सूचना देत राहतो. या साऱ्या प्रकारांना मिळून विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अॅक्यूट कॉरोनरी सिंड्रोम’ हें एकच नांव रूढ झालें, कारण त्यांचें मूळ एकच आहे.

हें मूळ कळण्यापूर्वीं उपचार होता तो विश्रांतीचा. मॉर्फिनची सुई टोंचावयाची, प्राणवायू द्यावयाचा आणि रोग्याला चार ते सहा आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावयास लावावयाचें, ही रीत होती. जखमी स्नायूवर व्रण धरेपर्यंत हृदयाला कष्ट देऊं नयेत, असा त्यामागें हेतु. हेतु चांगला होता, परिणाम मात्र पुष्कळदां उलट होई. निश्चल पडलेल्या माणसाच्या पायांत गुठळ्या होत, फुप्फुसांत कफ सांचे आणि मनाला मरणाची छाया ग्रासून टाकी. १९५२ सालीं बॉस्टनचे लेव्हाइन आणि लाउन यांनीं रोग्यांना खुर्चींत बसविण्याचें धाडस केलें. त्यांच्यावर टीका झाली, पण रोगी सुधारले. त्यानंतर १९६१ च्या सुमारास डेस्मंड ज्यूलियन यांनीं असें सुचविलें कीं, अशा रोग्यांना एकाच कक्षांत ठेवून त्यांच्या हृदयाच्या तालावर अहोरात्र पाळत ठेवावी. कारण पहिल्या कांहीं तासांतील पुष्कळसे मृत्यू स्नायू मेल्यानें नव्हे, तर ताल बिघडल्यानें होतात, आणि तो बिघडलेला ताल विजेच्या धक्क्यानें पूर्ववत् करतां येतो. महादेवभाईंच्या वेळीं हें ज्ञान नव्हतें. छातीवर दाब देऊन थांबलेलें हृदय चालूं ठेवण्याची पद्धति जगापुढें आली तीही १९६० सालीं.

तरीही मूळ प्रश्न शिल्लकच होता. ती गुठळी झटक्याचें कारण असते कीं परिणाम, यावर वैद्यांत दीर्घकाळ वाद चालला. १९८० सालीं अमेरिकेंतील डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं झटका आल्यापासून चार तासांच्या आंत रोग्यांच्या धमन्यांचीं चित्रें घेतलीं. शंभरांतील सत्त्याऐंशी जणांत धमनी पुरती बंद आढळली. वाद मिटला. धमनी जर गुठळीनेंच बंद होते, तर ती गुठळी विरघळवली पाहिजे. आणि ती विरघळविणारें द्रव्य तर १९३३ पासून ठाऊक होतें. घशाचा दाह करणाऱ्या एका जंतूपासून मिळणारें तें द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज.

१९८६ सालीं इटलींतील ११,८०६ रोग्यांवर केलेल्या चांचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्ट्रेप्टोकायनेज दिल्यानें एकंदर मृत्यू शेंकडा १८ नीं घटले. परंतु पहिल्या तासाच्या आंत तें मिळालेल्यांमध्यें ही घट जवळजवळ निम्मी होती. दोन वर्षांनीं दुसऱ्या एका मोठ्या चांचणींत, १७,१८७ रोग्यांमध्यें, असें आढळलें कीं दोन्ही औषधें न मिळालेल्यांपैकीं पांच आठवड्यांत शेंकडा १३.२ जण दगावले, आणि स्ट्रेप्टोकायनेज व अॅस्पिरीन अशीं दोन्ही मिळालेल्यांपैकीं शेंकडा ८. डोकेदुखीवरची एक स्वस्त गोळी हृदयाचीही राखणदार ठरली. औषधाइतकेंच, किंबहुना त्याहूनही अधिक मोल वेळेला आहे, हें या आंकड्यांनीं प्रथमच निर्विवाद सिद्ध केलें. सहा आठवडे थांबा असें सांगणारें शास्त्र आतां सहा मिनिटेंही दवडूं नका असें सांगूं लागलें.

दुसरीकडे धमनी उघडण्याचा आणखी एक मार्ग तयार होत होता. १९२९ सालीं जर्मनींतील तरुण वैद्य वेर्नर फोर्समान यांनीं स्वतःच्या दंडाच्या शिरेंतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सारली. त्या धाडसाची दखल नोबेल समितीनें १९५६ सालीं घेतली. १९५८ सालीं मेसन सोन्स यांनीं अशाच नळीनें हृदयाच्या धमन्यांचें चित्र काढलें. १९६७ सालीं रेने फावालोरो यांनीं पायाची शीर घेऊन तुंबलेल्या धमनीला वळसा घालणारा रस्ता बांधला. तीच बायपास शस्त्रक्रिया. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनीं नळीच्या टोंकावरील लहानसा फुगा फुगवून, छाती न उघडतां, धमनी उघडली, ती अँजिओप्लास्टी. पुढें १९८६ पासून त्या जागीं धातूची जाळी बसविण्याची पद्धत आली. आज जेथें ही सोय तात्काळ मिळूं शकते, तेथें झटक्यावर हाच सर्वोत्तम उपाय मानला जातो. जेथें ती दूर आहे, तेथें आधीं जवळच्या रुग्णालयांत गुठळी विरघळविणारें औषध द्यावें आणि मग रोग्याला मोठ्या ठिकाणीं हलवावें, असा क्रम आहे.

हें ज्ञान झुरिच, शिकागो आणि बॉस्टन येथून तापीच्या खोऱ्यांत पोंचावयास किती वेळ लागला, हा या कथेचा दुसरा अर्धा भाग. १९०६ सालीं जुन्या खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव आणि पश्चिमेचें धुळें. दोन्ही शहरें कापसाच्या व्यापारावर वाढलीं. मात्र हृदयाच्या धमनीचें चित्र काढावयाचें तर खानदेशी माणसाला दीर्घकाळ मुंबईची वाट धरावी लागे, आणि धुळ्याहून मुंबई तीनशें किलोमीटरांहून अधिक, जळगांवाहून चारशेंहून अधिक. ज्या रोगांत पहिला तास निर्णायक, त्या रोगाला रात्रभराचा प्रवास हा उपाय नव्हे. धुळ्यास श्रीभाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघालें. जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्यें. आज दोन्ही शहरांत अँजिओप्लास्टी होते. अंतर पुष्कळ कमी झालें, तरी संपलेलें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या शिरपूर, चोपडा, रावेर या तालुक्यांतील एखाद्या वाडीवरून मध्यरात्रीं निघणाऱ्या रोग्याला जिल्ह्याचें ठिकाण अजूनही दूरच आहे.

पण खरा उशीर रस्त्यावर होतोच असें नाहीं. तो पुष्कळदां घरांतच होतो. पहांटे छातींत जडपणा येतो, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा भरून येतो. घरांतील कोणी म्हणतो, रात्रींचें भरीत आणि शेवभाजी बाधली. कोणी म्हणतो, वायु धरला. ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, छातीला तेल चोळलें जातें. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर कळ स्पष्ट नसतेही. नुसता दम लागतो, थकवा येतो, मळमळतें. बाईमाणूस कामाच्या धांदलींत तें अंगावर काढतें. उजाडेपर्यंत वाट पाहूं, असें ठरतें. आणि हृदयाचा स्नायू वाट पाहत नाहीं. धमनी बंद पडल्यावर अर्ध्या तासाच्या आंत तो मरावयास आरंभ होतो, आणि हें मरण आंतून बाहेर पसरत कांहीं तासांत पुरें होतें.

भारतांतील ८९ रुग्णालयांतून २०,९३७ रोग्यांची पाहणी करून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत या उशिराचें माप दिलें आहे. ज्यांची धमनी पुरती बंद झालेली असते अशा झटक्याच्या रोग्यांपैकीं निम्मे लोक कळ उठल्यापासून सहा तासांनंतर रुग्णालयांत पोंचले. रुग्णालयांत पाऊल ठेविल्यावर गुठळीवरचें औषध मिळावयास साधारणतः पन्नास मिनिटें लागलीं. म्हणजे रुग्णालयाच्या दाराच्या आंत जेवढा वेळ गेला, त्याच्या सातपट वेळ दाराबाहेर गेला. त्याच अहवालाप्रमाणें महिन्याभरांत दगावणाऱ्यांचें प्रमाण गरिबांत शेंकडा ८.२ आणि श्रीमंतांत ५.५ होतें. रोग एकच, फरक ऐपतीचा.

या फरकावर महाराष्ट्रांत उपाय योजले गेले. शस्त्रक्रियेचा खर्च न झेपणाऱ्यांसाठीं १९९७ सालीं जीवनदायी योजना निघाली. २०१२ च्या जुलैंत तिचें विस्तारित रूप राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झालें, त्यांत धुळें होतें. पुढच्या वर्षीं ती राज्यभर पसरली आणि आतां महात्मा जोतीराव फुले यांचें नांव धारण करते. अँजिओप्लास्टी व बायपास या दोन्ही तींत समाविष्ट आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकावर बोलावतां येणाऱ्या रुग्णवाहिका धांवूं लागल्या. लहान रुग्णालयें मोठ्यांशीं जोडून कार्डिओग्राम दूर बसलेल्या तज्ज्ञाला दाखवावयाचा, अशी व्यवस्था तामिळनाडूंत करून पाहण्यांत आली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत वर्षाच्या आंत होणारे मृत्यू शेंकडा १७.६ वरून १४.२ वर आलेले दिसले. साधनें नवीं नव्हतीं. त्यांना जोडणारी सांखळी नवी होती.

झटक्यांतून वांचलेल्या माणसाची कथा मात्र येथें संपत नाहीं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाहीं; त्या जागीं व्रण राहतो. व्रण मोठा असेल तर हृदय सैल होऊन फुगतें, पुढें जिना चढतांना दम लागतो, पायांवर सूज येते. हें टाळण्यासाठीं अॅस्पिरीन, कोलेस्टेरॉल घटविणारीं औषधें, रक्तदाबावरचीं औषधें वर्षानुवर्षें घ्यावीं लागतात. १९९४ सालच्या एका चांचणींत कोलेस्टेरॉलवरच्या औषधानें जुन्या हृद्रोग्यांतील मृत्यू शेंकडा ३० नीं कमी केले. आणि झटक्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचें आयुष्य सुमारें तितक्याच प्रमाणांत सुरक्षित होतें. असें असूनही २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या सतरा देशांच्या पाहणींत असें दिसलें कीं, भारत ज्यांत मोडत होता त्या अल्प उत्पन्नाच्या देशांत, हृद्रोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या शंभर माणसांपैकीं ऐंशीजण यांतील एकही औषध घेत नव्हते. जाळी बसली, आतां बरा झालों, असें समजून गोळ्या बंद होतात. हा दुसरा उशीर. पहिल्याहून संथ, पण तितकाच घातक.

रोग येण्यापूर्वींचीं कारणेंही आतां गूढ राहिलेलीं नाहींत. २००४ सालीं बावन्न देशांच्या पाहणींतून हें दिसलें कीं तंबाखू, रक्तांतील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळभाज्यांची वाण, मद्यपानाची रीत आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींत झटक्याच्या धोक्याचा नऊ-दशांश भाग सामावला आहे. त्याच पाहणींत दक्षिण आशियांतील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं आलेला आढळला, इतरांना सुमारें ५९ व्या. केवळ विडी-सिगारेटच नव्हे, चघळण्याची तंबाखूही धोका दुपटीनें वाढविते. आणि तंबाखूचुना मळणारे हात खानदेशांत शेतांपासून बाजारापर्यंत सर्वत्र दिसतात. केळीच्या बागांनीं हिरव्या झालेल्या या प्रदेशांत फळाला तोटा नाहीं. तोटा आहे तो रक्तदाब मोजून घेण्याच्या संवयीला. रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण जगापुढें मांडणारा डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध १९४९ सालीं मुंबईहूनच गेला होता. ज्ञान घरचें होतें. घरोघर तें पोंचलें नाहीं.

ज्ञान असणें आणि तें अंगीं लागणें यांत किती अंतर असतें, याची एक करुण साक्ष मुंबईनें पाहिली. डॉ. नीतू मांडके हे विख्यात हृदयशस्त्रवैद्य. असंख्य हृदयें त्यांच्या हातांखालून दुरुस्त होऊन गेलीं. २२ मे २००३ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, हृदयविकाराच्या झटक्यानेंच त्यांचें निधन झालें. हा रोग कोणाची विद्या किंवा कीर्ति पाहून मागें फिरत नाहीं. मागें फिरवितां येतो तो केवळ आगाऊ सावधपणानें आणि वेळीं केलेल्या त्वरेनें.

विनोबांनीं औषध नाकारलें तें पूर्ण समजून, सत्त्याऐंशी वर्षांचें आयुष्य कृतार्थ झाल्यावर. तो त्यांचा निर्णय होता आणि त्याचा आदर झाला. परंतु ज्या धुळ्यांत त्यांनीं प्रवचनें दिलीं, त्याच मुलखांत त्रेपन्न वर्षांचा एखादा कुणबी पहांटे छाती धरून बसतो, तेव्हां त्यानें कांहींच नाकारलेलें नसतें. त्याच्या वतीनें नकार देतात तें अज्ञान, अंतर आणि दारिद्र्य. यांपैकीं अंतर आणि दारिद्र्य कमी करणें हें राज्याचें काम. पण छातींतील कळ वायूची समजून घालविलेला तास वांचविणें हें प्रत्येक घराला आजच, एक पैही न खर्चतां, करतां येण्यासारखें आहे.